काही नाही जमले तर बालवाडी!

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघर वाटणी सुरू होते. पहिल्या पंक्तीला सायन्स, दुसऱ्या पंक्तीला कॉमर्स, आणि उरल्यासुरल्यांसाठी एक ठरलेले वाक्य असते, "काही नाही जमले तर आर्ट्स." हे वाक्य एकदाही न ऐकता आपल्या महाविद्यालयाची पायरी चढलेला विद्यार्थी मला तरी अजून भेटलेला नाही. मुलींच्या बाबतीत गंमत अशी की, तीन वर्षांनी पदवी हातात पडते न पडते तोच याच वाक्याची दुसरी आवृत्ती निघते. "काही नाही जमले तर एखादी बालवाडी काढ. घरातल्या घरात होते, बारा वाजता मोकळी, आणि पोरे तर सांभाळायची असतात!"

मित्रमैत्रिणींनो, या दुसऱ्या वाक्याविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत. पहिल्याविषयी आपल्या अंकात दरवर्षी कोणी ना कोणी लिहितोच. पण दोन्ही वाक्ये एकाच कढईत तळलेली आहेत. ज्यातून लगेच पैसा दिसत नाही ते सोपे आणि जे सोपे ते कोणालाही जमते, असा हा समज आहे. गाणे, गोष्ट, चित्र, माती, नाच यांना आपण 'विरंगुळा' म्हणतो, आणि ज्या वयाचे मूल या पाच गोष्टींशिवाय दुसरे काही करूच शकत नाही त्या वयाच्या शिक्षिकेला आपण 'पोरे सांभाळणारी' म्हणतो. शिक्षणाची आपली उतरंडच पाहा ना. सर्वांत वर प्राध्यापक, त्यांच्याखाली हायस्कूलचे सर, त्यांच्याखाली प्राथमिकचे गुरुजी, आणि तळाशी बालवाडीच्या बाई. विद्यार्थी जितका लहान तितका शिक्षकाचा पगार लहान आणि मानही लहान. (प्राध्यापक मंडळींनी रागावू नये, उतरंड त्यांनी रचलेली नाही.) वास्तविक वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला एखादे प्राध्यापक कंटाळवाणे शिकवू लागले तर तो मागच्या बाकावर बसून आपला मार्ग शोधतो. तीन वर्षांच्या मुलाला मागचा बाक नसतो.

बालवाडीच्या बाईंना काय यावे लागते, हे पाहायचे असेल तर नाशिकपासून फार लांब जायला नको. त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार असे घाट उतरत गेले की डहाणू तालुका लागतो. तिथे समुद्रकाठी बोर्डी आहे आणि आत डोंगराच्या बाजूला कोसबाडची टेकडी. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते. त्याआधी त्यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालमंदिराचे काम केले होते, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला होता, 'शिक्षणपत्रिका' चालवली होती, दादरला शिशुविहार काढले होते. म्हणजे शहरात नाव झालेले होते. या वयात माणसे सत्कार घेत बसतात. ताराबाई मात्र मध्यमवर्गाच्या मुलांसाठी केलेले हे शिक्षण खेड्यातल्या, आदिवासी पाड्यावरच्या मुलाला लागू पडते का, हा प्रश्न घेऊन निघाल्या.

त्यांच्याबरोबर ज्या गेल्या त्या अनुताई वाघ. १९१० सालचा जन्म, लहानपणीच लग्न आणि लगेच वैधव्य. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या. त्यांच्या नोकरीची सुरुवातीची काही वर्षे आपल्या नाशिक जिल्ह्यात गेली, ही गोष्ट नाशिककरांनाच फारशी ठाऊक नाही. नंतर पुण्याच्या हुजूरपागेत त्या बरीच वर्षे होत्या. तिथली बरी चाललेली नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या आणि १९५६-५७च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर हलले तेव्हा तिथे गेल्या, त्या १९९२ साली मृत्यू येईपर्यंत त्याच कामात राहिल्या. सरकारने ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री दिली. पुरस्कारांचे असो. माझ्या मते त्या दोघींची खरी कमाई निराळी आहे.

माँटेसोरीबाईंनी १९०७ साली रोमच्या एका गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले आणि तिथे लाकडाची, मण्यांची, मोजूनमापून केलेली साधने वापरली. साधने उत्तमच, पण महाग. ताराबाईंनी त्यामागचा विचार ठेवला आणि वस्तू बदलल्या. शंख-शिंपले, गोटे, बिया, पाने, काटक्या, चिकणमाती हेच त्यांचे साहित्य झाले. मूल शाळेत येत नाही असे दिसले तेव्हा त्यांनी मुलाला किंवा आईला दोष दिला नाही, शाळाच उचलून पाड्यावर नेली. कोणाच्या तरी अंगणात मुले गोळा करायची, त्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते ती अंगणवाडी. हा शब्द पुढे सरकारने उचलला आणि २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेबरोबर तो देशभर गेला. आज देशात जवळजवळ चौदा लाख अंगणवाड्या आहेत. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी याच मंडळींनी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरे चरतात तिथेच शाळा. बालवाडी, पाळणाघर आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी केली. धाकटे भावंड कडेवर घेतलेली मुलगी शाळेत यायची असेल तर त्या भावंडाचीही सोय हवी, इतका साधा हिशोब त्यामागे होता. तो मांडायला बाई लागल्या!

आता कलेचा मुद्दा. डहाणू तालुका हा वारल्यांचा मुलूख आहे. लग्नाच्या वेळी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक काढायचा, त्यात पालघाट देवी बसवायची, ही तिथली जुनी रीत. चौक काढणाऱ्या सुवासिनी आणि लग्नाची गाणी म्हणून विधी लावणारी धवलेरी, दोन्हीकडे बायाच. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णींसारख्या चित्रकाराने ही चित्रे भिंतीवरून कागदावर आणवली आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे जगभर प्रसिद्ध झाले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती योग्यच होती. (बायांची कला भिंतीवरून बाजारात गेली की पुरुषांच्या नावावर कशी चढते, हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. कोणीतरी पुढच्या अंकासाठी घ्यावा.) मला म्हणायचे आहे ते एवढेच की, ज्या मुलाच्या घरातली भिंतच चित्रवही आहे, ज्याच्या कानावर तारपा आहे, त्याला 'कला शिकवणे' हा शब्दप्रयोगच जरा हास्यास्पद आहे. बालवाडीने इतकेच करायचे असते की घरी जे आहे ते दाराबाहेर काढून ठेवायला लावायचे नाही.

आणि हे फक्त पाड्यावरच्या मुलाचे आहे असे समजू नका. आपल्या नाशिकचेच पाहू. रंगपंचमीला जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनच्या रहाडी उघडतात, त्या रंगीत पाण्यात उड्या पडतात, आणि काकाच्या खांद्यावर बसून ते सारे पाहणारे तीन वर्षांचे मूल रंग म्हणजे काय ते जन्माचे शिकून जाते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागात बोहाड्याच्या रात्री संबळ-सनईवर मुखवटे नाचतात. पंचवटीतल्या मुलाला देवळांच्या घंटा, भाजीबाजारातले ओरडणे आणि तांबटांचे ठोके पाठ असतात. या सगळ्यातून उठून मूल बालवर्गात जाते, आणि तिथे त्याच्या हातात छापील ससा देऊन सांगतात, रेषेच्या बाहेर रंग जाऊ देऊ नकोस.

आमच्या शेजारी साडेचार वर्षांचा एक मुलगा राहतो. गोदेला पूर आला तेव्हा आजोबांनी त्याला दुतोंड्या मारुती दाखवायला नेले होते. नाशिककराला पूर सेंटिमीटरमध्ये कळत नाही. मारुतीच्या गुडघ्याला लागला, कमरेला लागला, गळ्याला लागला, असा तो कळतो. दुसऱ्या दिवशी या पठ्ठ्याने शाळेत अख्खा कागद तपकिरी खडूने भरून काढला आणि वरच्या कडेला दोन छोटे गोल काढले. त्यावर बाईंचा लाल शेरा आला, 'नीट काढणे'. आणि शिक्षा नव्हे पण सुधारणा म्हणून एक छापील मासा रंगवायला दिला. शाळेचे नाव मी सांगत नाही, सांगायचे कारणही नाही, कारण असे शेरे शहरातल्या कोणत्याही वहीत सापडतील. तो कागद मला त्याच्या आजोबांनी दाखवला. पाणी गळ्यापर्यंत आले होते आणि मारुतीची दोन तोंडे तेवढी वर होती. यापेक्षा नीट चित्र कसे असते, ते मला सांगा!

त्या बाईंवर मी रागावलेली नाही. पन्नास मुले, एक वर्ग, महिनाअखेर पालकांना दाखवायची फाईल, आणि ती फाईल सगळ्यांची सारखी दिसली पाहिजे असा वरून हुकूम. शिवाय कोणीही त्यांना कधी सांगितलेले नाही की मुलाचे चित्र हे वाचायचे असते. अक्षर येण्याआधी मुलाजवळ जी लिपी असते ती हीच. तीन-चार वर्षांच्या बोटांना पेन्सिल नीट पेलत नाही. माती मळून, कागद फाडून, मणी ओवून ती बोटे तयार व्हावी लागतात. पण सांगायचे मात्र पुष्कळ असते. ते मूल चित्रात, मातीत, नाटकात सांगते. कलेचा तास असा बालवाडीत असूच शकत नाही, कारण बाकीचे तास त्यातूनच निघतात. मोजणे, नावे ठेवणे, आधी-नंतर कळणे, रुसवा काढणे, सगळे त्यातून निघते. तेव्हा बालवाडीच्या बाईंना गाता-काढता यायला हवे हे खरेच, पण त्याहून त्यांना वाचता यायला हवे, असे माझे म्हणणे आहे. कवितेची एक ओळ उलगडायला आपल्याला इथे तीन वर्षे लागतात. मुलाची एक रेघ उलगडायला काहीच लागत नाही, असे आपण कशाच्या आधारावर धरून चालतो?

असे वाचणारी एक बाई माझ्या माहितीची आहे. माझी मावशी पेठ तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. गेल्या हिवाळ्यात मी चार दिवस तिच्याकडे होते. सकाळी मदतनीस बाईंनी माती भिजवून ठेवलेली असायची. त्या दिवशी पोरांनी भाकरी करायचे ठरवले. एका मुलीने बऱ्याच भाकरी थापल्या, घरातल्या एकेकाचे नाव घेत ओळीने मांडल्या, आणि दोन उचलून लांब खिडकीत नेऊन ठेवल्या. मावशीने विचारले, "त्या गं कोणाच्या?" मुलगी म्हणाली, "आईच्या न् बाच्या. ते द्राक्षाला गेलं." पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला कुटुंबेच्या कुटुंबे जातात, हे आपल्याला भूगोलात असते. मावशीला त्या दोन भाकरींवरून कळले की पोर आता आजीजवळ आहे, रात्री झोपत नसणार आणि खाणेही कमी झाले असणार. तिने खिडकीतल्या भाकरी तशाच राहू दिल्या, दुपारी त्या आजीच्या घरी गेली, आणि पुढे रोज सकाळी त्या मुलीला खिडकीजवळची जागा द्यायला लागली. मी विचारले, "मावशी, हे तू कुठे लिहितेस?" ती हसली. "कुठं लिहू? वजनाला रकाना आहे, उंचीला आहे. ह्याला नाही."

त्या एका सकाळी तिने केलेले काम किती प्रकारचे होते! आणि मग दुपारनंतर तिची खरी नोकरी सुरू झाली. पोषण आहाराचा हिशोब, लसीकरणाची यादी, गरोदर बायांच्या भेटी, मध्येच मतदार यादीचे काम, आणि मोबाईलमध्ये भरायची माहिती. 'पोषण ट्रॅकर' नावाचे ॲप २०२१ साली आले तेव्हा ते इंग्रजीत होते आणि दिलेले फोन धड चालत नव्हते, म्हणून महाराष्ट्रातल्या सेविकांनी ते फोन सरकारला परत नेऊन दिले. वर्तमानपत्रांनी त्याची बातमी जरा गमतीने दिली. मला त्यात गंमत वाटली नाही. पूर्वप्राथमिक शिक्षण हे या योजनेच्या सहा सेवांपैकी एक आहे. बाकीच्या पाचही आवश्यकच आहेत, उपाशी मुलाला गाणे सुचत नाही. पण सहांपैकी तपासणीला कोणी आले की पाचच विचारतात, मग सहावी जी होते ती बाईंच्या हौसेवर.

आता शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पाया म्हणून मान्य केला. २०२२ साली या टप्प्याचा अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात खेळ, गोष्ट, चित्र, बाहुल्या सगळे आहे. २०२३च्या फेब्रुवारीत 'जादुई पिटारा' नावाची पेटीही निघाली, खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रकार्डे अशा साहित्याची. कागदावर हे सारे उत्तम. पण त्याच धोरणात सेविकांच्या प्रशिक्षणाची काय सोय आहे ती वाचा. बारावी झालेल्यांना सहा महिन्यांचा आणि कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा अभ्यासक्रम, आणि तो दूरशिक्षणाने, टीव्हीच्या वाहिन्यांवरून आणि मोबाईलवरून! म्हणजे मुलाने माती हातात घेऊन शिकायचे आणि त्याच्या बाईंनी माती पडद्यावर पाहून शिकायचे. मावशीच्या पाड्यावर फोनला रेंज येते ती टाकीजवळच्या चढावर. पेटी कितीही जादूची असली तरी ती उघडणाऱ्या हातांना कोणी काय दिले आहे, हे विचारायला नको का?

इथे इटलीतली एक गोष्ट आठवते. रेज्जो एमिलिया या शहराजवळ व्हिला चेल्ला नावाचे खेडे आहे. १९४५ साली युद्ध संपले तेव्हा तिथल्या लोकांनी मागे राहिलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून त्या पैशात लहान मुलांची शाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुझ्झी नावाचा तरुण शिक्षक सायकलवरून ते पाहायला गेला आणि जन्मभर त्या कामात अडकला. पुढे १९६३पासून तिथल्या नगरपालिकेने स्वतःच्या बालशाळा सुरू केल्या. त्या शाळांमध्ये एक पद असे असते की आपल्याकडे ऐकून लोक हसतील. दर शाळेत वर्गशिक्षकांच्या बरोबरीने कलेचे शिक्षण घेतलेली एक व्यक्ती, आणि तिची कार्यशाळा. मुलांना चित्रकला शिकवणे हे तिचे काम नव्हे. मुले जे करतात ते पाहणे, टिपणे, त्यावर इतर शिक्षकांशी बोलणे हे तिचे काम. माझ्या मावशीला त्या खिडकीतल्या भाकरींसाठी जो रकाना हवा होता तो त्यांच्याकडे आहे, आणि तो भरणाऱ्या माणसाला नगरपालिका पगार देते.

पगार. आपल्याकडे हा शब्दच नाही. आपल्याकडे 'मानधन' आहे. मराठीत इतका फसवा शब्द दुसरा शोधून सापडणार नाही. मान आणि धन दोन्ही त्यात आहेत, आणि मिळत मात्र दोन्ही नाहीत. केंद्र सरकारने २०१८ साली सेविकेच्या मानधनातला आपला हिशोब ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपयांवर नेला. राज्य त्यात आपली भर घालते आणि मग दर काही वर्षांनी मोर्चा निघाला की ती थोडी वाढते. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ असा पन्नास दिवसांहून अधिक काळ महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस संपावर होत्या. नाशिकच्या रस्त्यांवरही त्या गुलाबी साड्या दिसल्या आणि वाहतूक अडली म्हणून आपण चडफडलो. त्याआधी, एप्रिल २०२२ मध्ये, गुजरातमधल्या सेविकांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला आणि हे काम अर्धवेळ म्हणता येणार नाही असेही स्पष्ट केले. न्यायालयाला जे पटले ते आपल्या घरातल्या बैठकीत अजून पटायचे आहे. तिथे बालवाडी बारा वाजता सुटते!

खाजगी बालवर्गांची स्थिती याहून चमत्कारिक. गंगापूर रोडवर, इंदिरानगरात, पाथर्डी फाट्यावर बालशाळांचे फलक पाहावेत. रंगीत, कार्टूनचे, इंग्रजी नावांचे. फी ऐकून पालकाचे डोळे पांढरे होतात, आणि आत शिकवणाऱ्या बाईंना काय मिळते ते ऐकून आपले. आमच्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या दोघी-तिघी अशा ठिकाणी आहेत. मराठी वाङ्मय घेऊन पदवी मिळवलेली मुलगी, तिला शंभर गाणी पाठ, लोककथा पाठ, आणि तिथे मुलांशी मराठीत बोलायची चोरी. तिचा सगळा साठा दाराबाहेर, चपलांबरोबर.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला खरोखर गंभीर वाटतो. लोक म्हणतात, गाणी-माती हे तुमचे श्रीमंतांचे चोचले. रिक्षावाल्याला, धुणीभांडी करणाऱ्या बाईला आपले पोर लवकर लिहिते-वाचते आणि इंग्रजी बोलते झालेले हवे असते. त्यांना कला नको, अक्षर हवे. मी या पालकांना नावे ठेवणार नाही. अक्षर ही सत्ता आहे, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून लांब ठेवले त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते. आणि गरिबांच्या मुलांनी मातीत खेळावे व श्रीमंतांच्या मुलांनी पुस्तके वाचावीत, अशी विभागणी कोणी कलेच्या नावाखाली करत असेल तर ती लबाडीच होय. पण ताराबाई-अनुताईंचे काम याच आक्षेपाला उत्तर म्हणून उभे आहे. त्या पाड्यावर हौस म्हणून गेल्या नव्हत्या. ज्या मुलाला शाळेची भीती वाटते ते शाळेत टिकत नाही, टिकले नाही तर अक्षर येत नाही, आणि भीती घालवायचा रस्ता मुलाच्या स्वतःच्या भाषेतून, गाण्यातून, हातातून जातो, असा तो रोखठोक विचार होता. चौथ्या वर्षी अक्षर गिरवायला लावलेले मूल सातव्या वर्षी वाचायला कंटाळते, हे प्राथमिकचे कोणतेही गुरुजी सांगतील. जर्मनीत फ्रोबेलने १८४० साली आपल्या शाळेला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग हे नाव दिले, आणि १८५१ साली प्रशियाच्या सरकारने त्या बागांवर बंदी घातली. खेळणाऱ्या लेकरांत राज्यकर्त्यांना धोका दिसला. म्हणजे चोचले म्हणून सोडून देण्याइतकी ही गोष्ट क्षुल्लक नसावी.

तर मग आपण, कला शाखेच्या लोकांनी, काय करावे? मोठ्या घोषणा मला सुचत नाहीत. दोन लहान गोष्टी सुचतात.

आपल्या मराठी विभागात लोकसाहित्याचा पेपर आहे. दरवर्षी आपण ओव्या, उखाणे, भोंडल्याची गाणी गोळा करून प्रकल्पाच्या वह्या भरतो. त्या वह्या कपाटात जातात आणि उंदरांची वाङ्मयीन अभिरुची वाढवतात. त्याऐवजी नाशिक जिल्ह्यातली कोकणी, वारली, अहिराणी अंगाईगीते आणि खेळगाणी गोळा करावीत, ती ज्यांच्याकडून घेतली त्यांची नावे सोबत घालावीत, आणि साधी पुस्तिका काढून जवळच्या अंगणवाड्यांना द्यावी. मावशी म्हणते, "तुमची छापील गाणी चांगली असतात गं, पण पोरं ती ऐकतात, म्हणत नाहीत. त्यांच्या आजीचं म्हटलं की सगळी उठून नाचतात."

दुसरी गोष्ट आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिराची. शिबिर कोणत्याही गावी असो, अंगणवाडीची भिंत रंगवणे हा कार्यक्रम ठरलेला. महाविद्यालयातले दोन बरे चित्रकार ऑइलपेंटने मिकी माऊस, सफरचंद, वाघ असे काढतात, फोटो निघतो, अहवालात जातो. पुढची पाच वर्षे त्या भिंतीला मुलांनी हात लावायचा नाही, कारण ती खराब होईल. या वर्षी असे करावे. वरच्या भागात हवे तर काढा, सेविकाबाईंना विचारून काढा, पण जमिनीपासून अडीच फुटांपर्यंतची पट्टी मोकळी ठेवा आणि ती गेरूने सारवून द्या. बाजूला तांदळाच्या पिठाची वाटी आणि बांबूच्या काड्या ठेवा. भिंत भरली की मदतनीस बाई पुन्हा सारवतील. गेरूला ऑइलपेंटच्या डब्याच्या मानाने काहीच पैसे पडत नाहीत. शिबिराच्या अंदाजपत्रकाची सभा महिनाअखेरीस आहे. मी तिथे हा विषय मांडणार आहे, ज्यांना पटत असेल त्यांनी यावे.